अन्साल्दोचं एकच खोटं

जानेवारीतला तीन राजांचा सण झाला, त्यानंतरच्या मंगळवारी माझा धाकटा भाऊ अन्साल्दो सगळ्या जेनोआसमोर खोटारडा ठरला आणि मी आनंदानं ढसाढसा रडले. शेजारणी म्हणाल्या, अलासिनाचं डोकं फिरलं. फिरेना का! तीन महिने छातीवर जो धोंडा होता तो त्या दिवशी उतरला. घरी आले, कालचं चण्याचं सार गरम केलं आणि पातेलं पुसून खाल्लं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा अन्नाला चव लागली.

बंदरावर ही हकिगत लोक भलतीच सांगतात. कुणी म्हणतं अन्साल्दोनं भावाची बायको पटवली, कुणी म्हणतं त्यानं तातारांच्या राजाला लुटलं. म्हणून जे झालं ते मीच सांगते. मी त्याची सख्खी बहीण. सख्खी, हे ध्यानात ठेवा, कारण मधे तेही माझ्याकडून काढून घ्यायला लोक निघाले होते.

अन्साल्दोला लहानपणापासून खोटं बोलता येत नाही. सज्जन आहे म्हणून नव्हे, जमतच नाही त्याला. काही जणांना पोहता येत नाही, तसं. आम्ही डोंगरातल्या एका गावचे. तिथं हा सात वर्षांचा असताना शेजाऱ्याची अंजिरं खाऊन आला आणि संध्याकाळी आपणहून त्याच्या दारात जाऊन सांगितलं, "मी तुमची सात अंजिरं खाल्ली. आठवं किडकं निघालं." शेजाऱ्यानं सात अंजिरं माफ केली, पण आठव्यासाठी कान पिळला.

आईवडील गेल्यावर मी लग्न होऊन जेनोआला आले आणि त्यालाही घेऊन आले. तो कापडाच्या गाठी बांधायला शिकला. आत मऊ तागाचं कापड, त्यावर मेण लावलेला जाडाभरडा कपडा, वरून दोरी अशी आवळायची की गलबतात पाणी शिरलं तरी आत थेंब जाऊ नये. त्याच्या हाताची गाठ समुद्रात पडून चार दिवसांनी निघाली होती, आतलं कापड कोरडं ठणठणीत. पण गाठ मालकाच्या हवाली करताना हा म्हणायचा, "डावा कोपरा मला तितकासा पसंत नाही." गिऱ्हाईक समोर उभं असतानासुद्धा! व्यापाऱ्यांना घाम फुटायचा. तरी त्याच्याकडेच यायचे, कारण ज्या गाठीबद्दल तो काही बोलला नाही ती डोळे मिटून उचलावी.

दोनदा तो पार काळ्या समुद्रावरच्या काफा बंदरापर्यंत जाऊन आला. दारूच्या गुत्त्यात लोक त्याच्याभोवती जमायचे. बाकीचे परतलेले लोक सोन्याची छपरं सांगतात, कुत्र्याच्या तोंडाची माणसं सांगतात. याला विचारलं तर म्हणायचा, "मी चिखल पाहिला. फार चिखल आहे तिकडे." एकदा कुणीतरी चिडून म्हणालं, "अरे, निदान एक तरी राक्षस?" यानं खरंच आठवून पाहिलं आणि म्हणाला, "एक उंट होता, तो फार चावायचा." त्याला फुकटची दारू कुणी कधी पाजली नाही.

आता ओबेर्तो. हा आमच्या शहरातल्या सोझिलिया पेठेतला एक लहानसा व्यापारी, बोलघेवडा, हसरा, आणि थापाड्या असा की त्याला स्वतःलाही कुठली थाप कधी मारली ते आठवायचं नाही. तेराशे छत्तीस साली त्यानं बारीक तागाच्या बारा गाठी जमवल्या आणि ठरवलं, काफ्यात थांबायचं नाही, थेट तातारांच्या मुलखातल्या उर्गेंच शहराला जायचं. तिकडे आपल्या तागाला मान आहे. इतक्या लांब माल कोरडा न्यायचा तर गाठी बांधणारा बरोबर हवा, म्हणून त्यानं अन्साल्दोला घेतलं. घरी ओबेर्तोची बायको काराकोझा राहिली. ती जहाजांची शिडं शिवते. हाताला घट्टे, जिभेला धार. मी तिला तेव्हा फक्त तोंडओळखीनं ओळखत होते.

गलबतानं काफा, तिथून ताना बंदर. तानापासून पुढे खुष्कीचा रस्ता. आमच्या लोकांची तिथं एक रीत आहे. ताना सोडायच्या आधी दाढी वाढवायची, चांगला दुभाषा धरायचा आणि एक भाऊ ठरवायचा. त्या मुलखाचा कायदाच तसा आहे: परका व्यापारी वाटेत मेला की त्याचा सगळा माल तिथल्या राजाचा. पण मेलेल्याचा भाऊ बरोबर असेल तर माल भावाला मिळतो. म्हणून आमचे लोक जोड्या लावतात. ज्याचा नंबर आधी लागेल त्याच्या उशाशी दुसऱ्यानं बसायचं आणि अंमलदार आला की शपथ घेऊन ऊर बडवायचा, "माझा भाऊ हो, माझा भाऊ!" सगळे करतात. परत आल्यावर कुणी त्याचं नाव काढत नाही. ईस्टरला पाद्रीबाबांपुढे पापं सांगतानाही नाही. बैलगाडीतलं बैलगाडीत राहतं.

अन्साल्दो म्हणाला, "मला जमणार नाही."

"काय जमणार नाही? 'हा माझा भाऊ' एवढंच म्हणायचंय, लेका!"

"मला ते म्हणताच येणार नाही. माझे कान लाल होतात."

"दाढीत कोण बघतंय तुझे कान?" ओबेर्तो म्हणाला. "बरं, असं कर. तू पाठ कर. प्रार्थना पाठ करतोस ना, लॅटिन कळतं का तुला? नाही ना? तरी म्हणतोस ना घडाघडा? तसं."

तानापासून अस्त्रखानपर्यंत बैलगाडीचे पंचवीस दिवस. दोन्हीकडे नुसतं गवत. त्या पंचवीस दिवसांत ओबेर्तोनं आपलं सगळं घर त्याच्याकडून पाठ करून घेतलं. आईचं नाव सिबिलिया. जिना सतरा पायऱ्यांचा, नववी पायरी फुटकी. विहीर परसात, रहाट कुरकुरतो. बापाचा डावा अंगठा कापलेला. आई अशी दिसायची, अशी चालायची. चुकलं की ओबेर्तो चाबकाच्या दांड्यानं डोक्यावर टपली मारायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. अन्साल्दो सांगतो की रोज सकाळी बैल जुंपले की त्याच्या तोंडात आपोआप "सतरा पायऱ्या, नववी फुटकी" यायला लागलं. त्याची स्वतःची आई त्याला कधी इतकी तपशीलवार आठवली नव्हती.

उर्गेंचला पोचले आणि आठव्या दिवशी ओबेर्तोला ताप चढला. हगवण लागली. पाचव्या दिवशी तो गेला.

अंमलदार दोन कारकून आणि लाखेचा डबा घेऊनच आला, गाठींवर मोहोर मारायला. अन्साल्दो पुढे झाला आणि शपथेवर म्हणाला, "हा माझा भाऊ." दुभाष्यानं ते सांगितलं. अंमलदार काही दुधखुळा नव्हता. हे रस्त्यातले भाऊ त्यानं ढिगानं पाहिले होते. त्यानं एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. आईचं नाव? घर कसं? बापाच्या अंगावर खूण? आणि माझा भाऊ, ज्याला किडकं अंजीर लपवता आलं नाही, तो घडाघडा सांगत सुटला. जिना, रहाट, अंगठा, सगळं. अंमलदाराला नवल वाटलं, पण अजून खात्री पटली नव्हती. तो म्हणाला, तुमच्या देशाचा कुणी इथं असेल तर त्यालाही शपथेवर सांगू दे.

आपल्याकडचा एकच माणूस त्या वेळी उर्गेंचला होता. जेनोआजवळच्या नोली गावचे लुकेत्तोशेठ, मेणाचे व्यापारी. फार धार्मिक. शुक्रवारी उपास, बुधवारी उपास, आणि कुणी चिडवलं तर गुरुवारीही. ते अंमलदारापुढे आले. अन्साल्दोला ते दहा वर्षं ओळखत होते. त्यांनी त्याच्या डोळ्यांत बघून विचारलं, "अन्साल्दो, खरं सांग. हा तुझा सख्खा भाऊ?"

अंमलदाराचा कारकून हातभर अंतरावर उभा. त्याला आपली भाषा येत होती की नाही, देव जाणे. अन्साल्दो म्हणाला, "हो."

दुसरा कुणी म्हणाला असता तर लुकेत्तोशेठ हसून गप्प बसले असते. पण अन्साल्दो म्हणाला! त्यांनी गळ्यातला क्रूस हातात धरला आणि शपथ घेतली की हे दोघे भाऊ आहेत. माल सुटला. पुढच्याच दिवशी शेठ पुढच्या मुलखात निघून गेले, आणि अन्साल्दो ताग विकून, त्याचं रेशीम घेऊन, एकटा परत फिरला.

दीड वर्षानं तो काराकोझाच्या दारात उभा राहिला तेव्हा मी त्याच्याबरोबर होते. त्यानं सगळं रेशीम तिच्यासमोर ठेवलं. ती एका गाठीवर बसली, खूप रडली, आणि मग विचारलं, "शेवटी काही बोलला का?" अशा वेळी कुणीही म्हणेल, तुझं नाव घेतलं. अन्साल्दो म्हणाला, "पाणी मागितलं. मग दुभाष्याला शिव्या दिल्या." मी त्याला कोपरानं ढोसलं. पण काराकोझा रडता रडता फिसकन हसली. म्हणाली, "हो, म्हणजे हा ओबेर्तोच. मला वाटलं, तुम्ही दुसऱ्याच कुणाचं मरण सांगायला आलात."

त्यानंतर हा दर शनिवारी तिच्याकडे जायला लागला. आज खिडकीचं दार नीट कर, उद्या शिडाचं कापड उचलून दे. दोन वर्षं! मी एकदा म्हटलं, "अरे, त्या घरात आता दुरुस्त करायचं काय उरलंय?" तर म्हणाला, "काही नाही. परवाच संपलं सगळं." असा हा. शेवटी काराकोझानंच मला बोलावून विचारलं, "अलासिनाताई, तुमचा भाऊ स्वतःहून काही बोलणार आहे, की मी म्हातारी झाल्यावर?" मी म्हटलं, "तू विचार. तो खोटं सांगणार नाही." तिनं विचारलं. तो हो म्हणाला. मी मेणबत्ती लावली.

ऑक्टोबरात चर्चमध्ये पुकारा सुरू झाला. आमच्याकडे लग्नाआधी तीन रविवार पाद्रीबाबा नावं पुकारतात आणि विचारतात, कुणाची हरकत आहे का. पहिला रविवार सुखरूप गेला. दुसऱ्या रविवारी मागून आवाज आला, "आहे."

लुकेत्तोशेठ! चार दिवसांपूर्वीच गलबतावरून उतरले होते, दाढीसुद्धा काढली नव्हती. म्हणाले, "हे लग्न होऊ शकत नाही. हा तिचा दीर आहे. मी स्वतः शपथेवर सांगितलंय."

आणि धर्माचा कायदा सरळ आहे. भावाच्या विधवेशी लग्न नाही. त्याला सूट नाही, दंड नाही, काही नाही.

अन्साल्दो तिथल्या तिथं उभा राहिला आणि म्हणाला, "बाबा, मी तेव्हा खोटं बोललो होतो." सगळं चर्च हळहळलं. माझ्या पुढे उभी असलेली एक बाई दुसरीला म्हणाली, "बघ, बाईपायी माणूस कुठवर घसरतो! अन्साल्दोसुद्धा खोटं बोलायला लागला." पाद्रीबाबांनीही मान हलवली. म्हणाले, "अन्साल्दो, तुला मी ओळखतो. तू तेव्हा खरं बोललास आणि आता मोहात पडलायस."

काय करावं अशा लोकांना! आयुष्यभर खरं बोलून काय मिळवलं, तर एकदा खोटं बोलला ते सगळ्यांना खरं वाटलं आणि आता खरं बोलतोय ते खोटं.

मग जिभा सुटल्या. कुणीतरी शोधून काढलं की आमची आई शहरातली तान्ही बाळं दूध पाजायला घरी ठेवून घ्यायची. ठेवायचीच. डोंगरातल्या निम्म्या बाया ठेवतात. झालं! सिबिलियानं आपलं धाकटं पोर आमच्या आईकडे दिलं, ते तिथंच वाढलं, सणावाराला आईच्या घरी येऊन जायचं, तोच हा अन्साल्दो. आठवड्याभरात सोझिलियाच्या कसायांपासून बंदरावरच्या हमालांपर्यंत सगळ्यांना हे ठाऊक होतं. पाणवठ्यावर एक जण मला म्हणाली, "अलासिना, वाईट वाटून घेऊ नकोस हो. दूधभाऊ म्हणजे भावासारखाच." माझ्या हातात घागर होती म्हणून ती वाचली. नाहीतर केसच उपटणार होते.

पण खरं सांगू? एका दुपारी मलाही शंका आली. तो जन्मला तेव्हा मी सहा वर्षांची होते. मला आईचं ओरडणं आठवतं, गरम पाण्याचं भांडं आठवतं. पण ते त्याच्याच वेळचं, की मधे जे वाचलं नाही त्या बाळाच्या वेळचं? मी समोर बसून त्याच्या कानांकडे बघत राहिले. वडिलांचे कान असेच होते का? तो म्हणाला, "ताई, काय बघतेस?" मी म्हटलं, "काही नाही, जेव." आत जाऊन इतकी रडले की डोळे सुजले. त्याचं लग्न मोडतंय हे एक, आणि माझा भाऊच माझा राहत नाही हे दुसरं.

मी व्यापाऱ्यांच्या दारोदार फिरले. म्हटलं, प्रकरण चर्चच्या धर्मसभेपुढे गेलंय, तिथं येऊन एवढंच सांगा की तिकडे अशी रीत आहे. एकेकाची तोंडं बघण्यासारखी झाली. कारण 'रीत आहे' म्हणायचं म्हणजे 'मीही खोटी शपथ घेतलीय' म्हणायचं.

एक म्हणाला, "छे हो! असलं काही मी ऐकलंही नाही."

"मग तिकडे सराई शहरात तुमचा भाऊ वारला, तो कोण?"

"तो सख्खाच हो. बिचारा!"

"तुमचा सख्खा भाऊ काल माझ्या पुढे उभा राहून मासळी घेत होता."

त्यानं दार लावून घेतलं.

शेवटी तीन राजांच्या सणानंतर सुनावणी निघाली. मोठ्या चर्चच्या आवारात, भर सकाळी, निम्मं शहर जमलेलं. न्यायाधीश म्हणून बसले होते ते पाद्री म्हातारे, कडक, आणि त्यांनी आयुष्यात समुद्र फक्त किनाऱ्यावरून पाहिलेला. माझी साक्ष त्यांनी बाजूला ठेवली. म्हणाले, बहीण भावाच्याच बाजूनं बोलणार. मी म्हटलं, "महाराज, लोक तर म्हणतात मी बहीणच नाही. दोन्हीपैकी एक काय ते ठरवा!" त्यांनी मला खाली बसवलं.

मग त्यांनी अन्साल्दोला उर्गेंचचेच प्रश्न विचारले. लुकेत्तोशेठ बाजूला उभे राहून मान डोलावत होते.

"घराला जिना किती पायऱ्यांचा?"

"सतरा. नववी फुटकी."

"विहीर?"

"परसात. रहाट कुरकुरतो."

"बापाच्या अंगावर खूण?"

"डावा अंगठा कापलेला."

सगळं बरोबर. मी मनातल्या मनात ओरडत होते, अरे चूक ना कुठंतरी, मेल्या! पण हा पाठ केलेलं विसरेल तर शपथ. प्रत्येक बरोबर उत्तराला काराकोझा जणू त्याच्यापासून एकेक हात लांब जात होती. न्यायाधीश म्हणाले, "ज्या घरात तू कधी गेला नाहीस म्हणतोस, त्याची फुटकी पायरी तुला ठाऊक. मी काय समजायचं?"

"मला ओबेर्तोनं सांगितलं, महाराज. बैलगाडीत."

"पंचवीस दिवस? पायऱ्या?"

"दुसरं काही नव्हतं तिथं. गवत होतं."

लोक हसले. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी कारकुनाकडे पाहिलं, तो लेखणी बुडवायला लागला. तेवढ्यात काराकोझा उठली.

"महाराज, घराचं पुरे झालं. माझ्या सासूबाई कशा होत्या, ते विचारा."

न्यायाधीशांना ते फारसं आवडलं नाही. पण विचारलं. आणि अन्साल्दो त्याच सुरात सांगायला लागला, "माझी आई सिबिलिया उंच, गोरी, नोटरीच्या घराण्यातली. हात मऊ. रस्त्यानं राणीसारखी चालायची, लोक वळून बघायचे."

मग मागे उभे असलेले सोझिलियाचे कसाई खो खो हसत सुटले.

"कोण, सिबिलिया? आमची वजडीवाली?" एक म्हातारा कसाई ओरडला. "महाराज, मी तिच्या शेजारी वीस वर्षं दुकान लावलं. माझ्या कमरेएवढी होती ती! एक पाय आखूड. ठक्, ठक्, ठक् करत यायची, वजडीची टोपली डोक्यावर. वळून बघायचे, हे मात्र खरं!"

काराकोझा हसत नव्हती. ती म्हणाली, "महाराज, ओबेर्तोला त्याची लाज वाटायची. लग्नाआधी मलाही त्यानं नोटरीचंच घराणं सांगितलं होतं. परक्या माणसाला तो नेहमी हीच आई सांगायचा. तीच आई यांनी पाठ केलीय. वर्षातून एकदा घरी येणाऱ्या लेकालासुद्धा आपली आई लंगडते ते दिसलं असतं."

अन्साल्दो तोंड उघडं टाकून तिच्याकडे बघत होता. "लंगडी होती?" तो म्हणाला. "मला असं नाही सांगितलं त्यानं." असा दुखावलेला आवाज, जणू ओबेर्तोनं त्याला ओला माल कोरडा म्हणून विकला होता.

न्यायाधीशांनी आणखी तिघा कसायांना एकेक करून बोलावलं. तिघांनीही तिचा तोच पाय आखूड सांगितला. मग त्यांनी कारकुनाचा कागद ओढून घेऊन पुन्हा वाचला. शेवटी म्हणाले, "त्या शपथेत आई खोटी निघाली. आई खोटी, मग भाऊ कुठून खरा? बाकी सगळ्या पाणवठ्यावरच्या गप्पा." आणि अन्साल्दोकडे बोट करून म्हणाले, "हा माणूस सिबिलियाचा मुलगा नाही. हा खोटारडा आहे."

बस. तेव्हाच मी रडायला लागले. माझा भाऊ! माझ्याच आईचा, माझ्याच वडिलांच्या कानांचा खोटारडा भाऊ.

लुकेत्तोशेठचं तोंड मात्र पांढरं पडलं होतं. ते म्हणाले, "तू माझ्या डोळ्यांत बघून बोललास, अन्साल्दो. मी क्रूस हातात धरला तुझ्या शब्दावर."

"हो, शेठ," अन्साल्दो म्हणाला. "राजाला फसवल्याचं मला काही वाटलं नाही. माल तिचा होता. पण तुम्हाला फसवलं त्याची लाज रोज वाटते. तुम्ही निघून गेलात, नाहीतर दुसऱ्याच दिवशी सांगितलं असतं."

न्यायाधीशही म्हणाले की तो माल विधवेचाच होता, तिच्याकडेच राहू दे. शेठना शहानिशा न करता शपथ घेतली म्हणून चाळीस दिवस पाव आणि पाणी. ते ऐकून शेठचा जीव भांड्यात पडला. उपास म्हटलं की त्यांना बरंच वाटतं. आणि अन्साल्दोला तीन रविवार आमच्या चर्चच्या दारात अनवाणी, हातात मेणबत्ती घेऊन उभं राहायचं. आत पाऊल टाकायचं नाही. येणाऱ्या प्रत्येकाला म्हणायचं, "मी खोटी शपथ घेतली." ते फेडून झालं की लग्नाला मोकळा.

पहिल्या रविवारी पोरासोरांनी त्याला भंडावून सोडलं. "अन्साल्दोकाका, आज पाऊस पडेल का?" "नाही वाटत." "खोटं बोलता!" हा मात्र प्रत्येकाला इतक्या मनापासून "मी खोटी शपथ घेतली" सांगत होता की एका म्हाताऱ्यानं त्याला चुकून भीकच घातली. यानं ती परत केली.

दुसऱ्या रविवारी मोडलेला पुकारा पुन्हा झाला. पाद्रीबाबांनी विचारलं, कुणाची हरकत? आणि मागे लुकेत्तोशेठ खोकले. सगळी डोकी एकदम वळली. शेठ दोन्ही हात हलवत म्हणाले, "सर्दी! नुसती सर्दी आहे हो!" पाद्रीबाबांनी इतक्या घाईनं पुढचं वाचायला घेतलं की ओळीच गाळल्या.

तिसऱ्या रविवारी थंडी फार होती. रात्रभर पाऊस पडून दारातली फरशी ओली झाली होती. मी लवकरच आले, अन्साल्दोला गरम वाईन द्यावी म्हणून. बघते तर त्याच्या शेजारी काराकोझा उभी. डोक्यावरून शाल, पाय उघडे, हातात मेणबत्ती. लोक येत होते, ते दोघांकडे बघत होते आणि न चिडवता आत जात होते.

मी तिला बाजूला ओढलं. "अगं, तुला कुणी सांगितलंय? तू काय पाप केलंस?"

ती म्हणाली, "त्यांच्या खोट्यावर तीन वर्षं माझी चूल पेटली. जेवायला मी, आणि पाय गारठवायला ते एकटेच? असं कसं चालेल, वन्सं?"

वन्सं म्हणाली मला. आजवर मी नुसती अलासिनाताई होते. मला वाटलं होतं, नवऱ्याच्या बहिणीला म्हणतात तसं ती मला लग्न लागल्यावर म्हणेल, किंवा म्हणणारही नाही.

मी हातातली वाईन अन्साल्दोला दिली, जोडे काढले आणि तिच्या बाजूला उभी राहिले. फरशी खरंच फार गार होती.